अ‍ॅलेक्स एगलस्टनवर रागावलेल्या खेळाडूंस खुले पत्र

प्रति,
भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम खेळणारे, त्यांचे परीक्षण करणारे आणि त्यांच्यावरून हिरिरीने वाद घालणारे सर्व रसिक यांस



१७ जानेवारी २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'वायटूके : अ पोस्टमॉडर्न आरपीजी' या खेळाविषयी गेली अनेक वर्षे जे बोलले जात आहे, त्याबद्दल काही तक्रारी आणि काही विनंत्या आपल्यापुढे ठेवाव्यात, एवढाच या पत्राचा हेतू आहे. अँड्र्यू आणि ब्रायन अ‍ॅलन्सन या अमेरिकन बंधूंच्या 'अ‍ॅक स्टुडिओज' या लहानशा संस्थेने वर्षानुवर्षे खपून तयार केलेला हा खेळ बाजारात आला आणि पाहता पाहता त्याची खेळ म्हणून होणारी चर्चा मागे पडून त्याच्या नायकाच्या बडबडीच्या अर्ध्याएक मिनिटाच्या चित्रफिती हातोहात फिरू लागल्या. एका पक्षाला तो निव्वळ टाकाऊ वाटतो. संख्येने लहान पण चिवट अशा दुसऱ्या पक्षाला तो गैरसमजाला बळी पडलेली थोर कृती वाटतो. आणि या दोहोंच्या मधल्या जागेत उभे राहून शांतपणे बोलणारे फारच थोडे सापडतात. तक्रार दोन्ही पक्षांविरुद्ध आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा तपशील आवश्यक आहे. भूमिकाप्रधान खेळ, ज्याला सर्रास आरपीजी म्हटले जाते, त्यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेऊन कल्पित जगात हिंडतो, सोबती जमवतो, बहुधा आळीपाळीने चाली करून लढाया जिंकतो आणि त्यांतून मिळणाऱ्या अनुभवगुणांच्या बळावर आपल्या पात्राची ताकद वाढवत नेतो. आणि असा खेळ मोठ्या कंपन्यांच्या भांडवलाबाहेर राहून मूठभर माणसांनी घडवला असेल तर त्याला इंडी म्हणतात. 'वायटूके'ची कथा १९९९ सालातली आहे. महाविद्यालयीन शिक्षण संपवून आईकडे फ्रँकटन या गावी परतलेला अ‍ॅलेक्स एगलस्टन एका मांजराचा पाठलाग करत एका पडीक इमारतीत शिरतो, तिथे त्याला सॅमी नावाची तरुणी भेटते, आणि लिफ्टमधून अनोळखी, अमानवी आकृती तिला त्याच्या डोळ्यांदेखत ओढून नेतात. या घटनेची चित्रफीत इंटरनेटवर पोहोचते, गूढ गोष्टींच्या नादी लागलेल्या अनोळखी लोकांशी अ‍ॅलेक्सची ओळख होते, आणि मग मायकल, व्हेला, रोरी, तसेच हरवलेल्या भावाच्या शोधात असलेली क्लॉडिओ आणि चॉंड्रा ही भावंडे असा जथा जमत जातो. संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवण्याच्या जुन्या सवयीमुळे २००० साल उजाडताच सगळ्या यंत्रणा कोलमडतील, अशी जी भीती त्या काळी जगभर पसरली होती, तिचे सावट या कथेवर सतत असते. (पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ घरांना तोच वायटूके मुलाला लागलेल्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आणि अमेरिकेच्या पहिल्या विमान-तिकिटामुळे आठवतो, ही गोष्ट वेगळी.) खेळ अतिवास्तव आहे तो या अर्थाने, की त्यातल्या घटना जागेपणीच्या तर्कापेक्षा स्वप्नाच्या तर्काने जोडलेल्या आहेत: नायक ग्रामोफोनच्या तबकड्या शस्त्रासारख्या वापरतो, टेलिफोनवरून आपल्याच मनाच्या तळघरात उतरतो, आणि शेवटाकडे असे उघड होते की जगाचा नाश करायला निघालेली शक्ती ही दुसऱ्या एका वास्तवातले त्याचेच रूप आहे.

हा शेवट येथे मुद्दाम उघड केला आहे, कारण पहिली तक्रार त्याच्याशी निगडित आहे. अ‍ॅलेक्स आत्ममग्न आहे, आयते खातो, सोबत्यांशी उर्मटपणे वागतो आणि अपहृत झालेल्या मुलीच्या शोधालाही स्वतःच्या कंटाळवाण्या आयुष्यातली एक रोमांचक घडामोड समजतो, हे आपण वारंवार आणि अगदी बरोबर सांगितले आहे. परंतु हे सांगून झाल्यावर खेळाचे परीक्षण संपले असे जे आपण गृहीत धरले, ते बरोबर नाही. ज्या कृतीचा अंतिम शत्रू हा नायकाचाच फुगलेला 'स्व' आहे, तिच्या कर्त्यांना नायकाचे दोष दिसलेच नसतील असे मानणे कठीण जाते. मराठी वाचकाला तरी ही गोष्ट नवी वाटू नये. १९६३ साली 'कोसला' ही कादंबरी प्रसिद्ध झाल्यापासून तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या आळसाचा आणि तिरकस अहंकाराचा राग येऊनही तो राग कादंबरीच्या खात्यावर न मांडण्याची सवय इथल्या बऱ्याच वाचकांना झालेली आहे. व्हिडिओ गेममध्ये ही सवय लागायला वेळ लागतो, याला एक खरे कारण आहे, आणि आपल्या बाजूने ते मान्य करणे न्यायाचे होईल: कादंबरीत वाचक नायकाकडे पाहत असतो, खेळात मात्र नायकाला चालवावे लागते, त्याच्या वतीने बटणे दाबावी लागतात, आणि वीस-तीस तास ज्याचे ओझे वाहायचे तो माणूस असह्य असला तर वैताग येणे स्वाभाविक आहे. वैताग स्वाभाविक आहे, तरीही तो निकालपत्र होऊ शकत नाही. मुळात अस्वस्थता निर्माण करणे हाच हेतू असेल तर ती निर्माण झाली म्हणून कृती फसली, असे म्हणता येत नाही; ती अस्वस्थता खेळणाऱ्याला कुठे नेऊन सोडते, हे तपासावे लागते.

हे तपासण्याची साधने आपल्यापाशी 'वायटूके' आला त्याच वर्षी आली होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'झा/उम' या संस्थेचा 'डिस्को एलिसियम' हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्याचा नायक अ‍ॅलेक्सपेक्षा कितीतरी अधिक बिघडलेला आहे: दारूने स्मृती घालवून बसलेला, कामात हयगय करणारा, खेळणाऱ्याने तशी निवड केल्यास उघड वंशद्वेषी बोलणारा असा तो पोलीस तपास-अधिकारी आहे. त्याला आपण डोक्यावर घेतले. तेव्हा नावडता नायक खेळाडूंना चालतच नाही, हे 'वायटूके'च्या समर्थकांचे आवडते स्पष्टीकरण टिकत नाही. आणि नावडता नायक म्हणजे वाईट लेखन, हे त्याच्या विरोधकांचे समीकरणही टिकत नाही. दोन खेळांतला फरक शोधायचा तर तो नायकाच्या भोवती शोधावा लागेल. 'डिस्को एलिसियम'मध्ये नायकाच्या डोक्यातल्या प्रवृत्तीच त्याला उलट उत्तरे देतात, टोमणे मारतात, खोटे सल्ले देऊन तोंडघशी पाडतात, आणि शेजारी उभा असलेला किम कित्सुरागी हा सहकारी एका भुवईच्या हालचालीने त्याची किंमत करतो. अ‍ॅलेक्सला अशी उत्तरे फार उशिरा आणि फार थोडी मिळतात. प्रसंग रंगात आला की सर्व काही थांबते आणि अ‍ॅलेक्सचे स्वगत सुरू होते. ते अलंकारांनी जड झालेले, एकच भावना चार प्रकारे सांगणारे आणि कधी कधी आधीच पडद्यावर दिसलेली गोष्ट पुन्हा वर्णन करणारे असते. स्वगत लांबत असताना ज्याचे दुःख त्या प्रसंगाच्या केंद्रस्थानी असायला हवे ते पात्र गप्प उभे असते.

रोरीचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे आणि त्याविषयी दोन्ही पक्षांनी जवळजवळ मौन पाळले आहे, ही दुसरी तक्रार. रोरी हा मुलगा बहिणीच्या आत्महत्येने खचलेला आहे. लढाईत तो कोणावरही हल्ला करत नाही. निषेधाचा फलक हातात घेऊन तो सोबत्यांवर येणारे घाव स्वतःवर घेतो. आळीपाळीच्या लढाईत प्रत्येक पात्राने आपली पाळी आली की शत्रूला इजा करायचीच, हा या प्रकारच्या खेळांचा इतका जुना संकेत आहे की तो कोणाला संकेत वाटतही नाही, आणि तो मोडून एका पात्राचा स्वभाव, त्याचे दुःख आणि त्याचे अपराधीपण नियमांतूनच खेळणाऱ्यापर्यंत पोहोचवणे ही उत्तम कल्पना आहे. संवादाच्या दहा पानांनी जे साधले नसते ते या एका नियमाने साधते. खेळणाऱ्याला सुरुवातीला रोरी हा निरुपयोगी गडी वाटतो, त्याच्या जागी दुसरे कोणी असते तर लढाई लवकर आटोपली असती असे वाटते, आणि अ‍ॅलेक्सलाही त्याच्याबद्दल तेच वाटत असते. नायकाच्या क्षुद्रपणात खेळणारा असा नकळत भागीदार होतो. 'उत्तराधुनिक' हे विशेषण, म्हणजे स्वतःच्या रचनेकडे आणि वाचक-प्रेक्षकाच्या सहभागाकडे कृतीनेच बोट दाखवणे, या खेळाला कुठे खऱ्या अर्थाने लागू पडत असेल तर ते इथे. दुर्दैवाने रोरी मन मोकळे करू लागतो तेव्हा खेळ अ‍ॅलेक्सच्या रागाकडे वळतो आणि रोरीचे दुःख पुन्हा नायकाच्या आत्मशोधाची पायरी होते. गुण आणि दोष एकाच पात्रात इतके जवळजवळ असताना समीक्षकांनी अ‍ॅलेक्सच्या उपमांची टिंगल करण्यात शाई आणि वेळ खर्च करावा, याचे नवल वाटते.

समर्थकांविषयीची तक्रार थोडक्यात अशी की, त्यांनी हेतू या शब्दाचा उपयोग ढालीसारखा चालवला आहे. संवाद कृत्रिम आहेत ते मुद्दाम, लढाया कंटाळवाण्या आहेत त्या नायकाचे रिकामे आयुष्य जाणवावे म्हणून, आणि कथा विस्कळीत आहे ती उत्तराधुनिक असल्यामुळे, असे म्हणत गेले की जगातली कोणतीही कृती निर्दोष ठरते. मूळ स्वरूपातील लढाया पाहाव्यात. तिथे प्रत्येक हल्ल्याला वेळ साधण्याचा एक छोटा खेळ जोडलेला होता: अ‍ॅलेक्सचा वार म्हणजे फिरत्या तबकडीवरील रंगीत पट्ट्यावर सुई येताच बटण दाबणे, आणि शत्रूचा वार चुकवणे म्हणजेही पुन्हा वेळ साधणे. कल्पना आकर्षक आहे. पण किरकोळ शत्रूलाही पाडण्यास अनेक फेऱ्या लागत आणि तेच छोटे खेळ शंभरदा खेळावे लागत, तेव्हा त्या आकर्षणाचे काय होत असेल ते सांगायला नको. पातळी वाढवण्याची पद्धतही अशीच दुधारी होती. अनुभवगुण साठले की पात्र आपोआप बलवान होत नसे. टेलिफोनवरून मनाच्या तळघरात जायचे, मजल्यामजल्यावरच्या दारांना एकेक गुण नेमून द्यायचा, दारांतून चालत जायचे आणि मग खाली उतरायचे. आत्मपरीक्षणाला जागेचे रूप देण्याची ही युक्ती सुंदर होती, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर ती कारकुनी होत असे. नंतरच्या सुधारणांमध्ये कर्त्यांनी स्वतःच लढायांच्या वेगाला हात घातला. जो दोष कर्त्यांनी दुरुस्त करायला घेतला त्याला हेतू म्हणत राहणे हे निष्ठेचे लक्षण असेल, रसिकतेचे नव्हे.

यापुढची तक्रार अधिक गंभीर आहे. २०१३ साली लॉस एंजेलिसमधील एका हॉटेलात उतरलेली एक कॅनेडियन विद्यार्थिनी बेपत्ता झाली, लिफ्टमधील तिच्या हालचालींचे चित्रण पोलिसांनी माहिती मिळावी म्हणून प्रसिद्ध केले, पुढे हॉटेलच्या छतावरील पाण्याच्या टाकीत तिचा मृतदेह सापडला आणि अपघाताने बुडून मृत्यू झाल्याचा अधिकृत निष्कर्ष निघाला. त्या चित्रणावरून इंटरनेटवर भुताखेतांच्या आणि कटांच्या कथांचे पेव फुटले. सॅमीच्या अपहरणाचा लिफ्टमधील प्रसंग या चित्रणाशी उघड साम्य बाळगून आहे, आणि खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा ते साम्य अनेकांच्या लक्षात येऊन त्यावर आक्षेपही घेतला गेला. कलाकृतीने खऱ्या घटनेला स्पर्श करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु जिच्या आप्तांचे दुःख अजून ओले होते अशा तरुणीचे शेवटचे क्षण अमानवी आकृतींच्या कथेत रूपांतरित करणे, म्हणजे ज्या कटकथांनी त्या कुटुंबाच्या यातनांत भर घातली असेल त्यांच्यातच आणखी एक भर टाकणे होय. अ‍ॅलेक्सचा अपराध नेमका हाच आहे: एका हरवलेल्या मुलीला तो आपल्या गोष्टीचा कच्चा माल समजतो. खेळाला नायकाच्या बाबतीत जे कळले, ते स्वतःच्या बाबतीत कळले नाही, हा 'वायटूके'वरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. तो मांडला गेला, आणि नायकाच्या दाढीवरच्या विनोदांमध्ये वाहून गेला. हारुकी मुराकामी यांच्या 'आफ्टर डार्क' या कादंबरीतील मजकुराशी खेळातल्या मजकुराचे जे साम्य वाचकांनी दाखवून दिले, त्याचेही असेच झाले. आदरांजली आणि उचल यांच्यातली सीमारेषा व्हिडिओ गेममध्ये कुठे ओढावी, मूळ कर्त्याचा निर्देश खेळाच्या आत हवा की श्रेयनामावलीत, यावर गंभीर चर्चा होऊ शकली असती, पण थट्टेच्या बाजारात दोन्ही आक्षेपांना विनोदाइतकाच भाव आला.

थट्टेने आणखी एक घडवले. खेळाच्या कर्त्यांपैकी एकाने मुलाखतीत खेळाडूंच्या अपेक्षांविषयी कडवटपणे बोलून दाखवले, ते अविचाराचे होते आणि त्यावर टीका व्हायला हवीच होती. मात्र त्या बोलण्याचा आधार घेऊन अ‍ॅलेक्स म्हणजेच त्याचा कर्ता असे ठरवण्यात आले आणि पात्रावरचा राग माणसांकडे वळला. ज्या खेळाडूंना अ‍ॅलेक्स दुसऱ्याचे दुःख स्वतःच्या करमणुकीसाठी वापरतो याचा संताप येतो, त्यांनीच एका लहान चमूच्या अपयशाला महिनोन्महिने करमणुकीचे साधन करावे, ही विसंगती आपल्या नजरेतून कशी निसटली?

'वायटूके' ज्या परंपरेतून आला, तिच्याकडे पाहिले असते तर कदाचित निकाल देण्याची एवढी घाई झाली नसती. शिगेसातो इतोई यांचा 'मदर २' हा खेळ जपानमध्ये १९९४ साली आला आणि १९९५ मध्ये 'अर्थबाउंड' या नावाने अमेरिकेत पोहोचला. दुर्गंध हाच विषय केलेल्या विक्षिप्त जाहिरातींनिशी तो तिथे विकायला ठेवला गेला आणि फारसा खपला नाही. मात्र उपनगरी घरे, बेसबॉलची बॅट हाती घेतलेला मुलगा, मध्येच विचारले जाणारे खेळणाऱ्याचे नाव आणि शेवटी त्या नावाचा केलेला उपयोग, या सर्वांचा प्रभाव पुढच्या पिढीच्या इंडी निर्मात्यांवर पडला. टोबी फॉक्स यांचा २०१५ मधील 'अंडरटेल' त्याच वाटेने आला. या इतिहासाचा दाखला समर्थक नेहमी देतात आणि त्यातून चुकीचा निष्कर्ष काढतात: आरंभी नाकारलेली प्रत्येक कृती पुढे थोर ठरते असे नाही, बहुतेक नुसत्याच विसरल्या जातात. 'अर्थबाउंड'चे पुनर्मूल्यमापन झाले ते त्याच्या चाहत्यांनी त्याचे दोष नाकारले म्हणून नव्हे. त्यातल्या संथ लढायांची तक्रार ते आजही करतात, आणि तरीही तो पुन्हा पुन्हा खेळतात.

आता विनंत्या. त्या तक्रारींतूनच निघतात, त्यामुळे फार विस्तार करण्याचे कारण नाही. मत देणाऱ्याने आपण खेळ कुठवर खेळलो, की केवळ दुसऱ्याला खेळताना पाहिले, हे आधी सांगावे. वीस तासांच्या कृतीवर अर्ध्या मिनिटाच्या फितीवरून निकाल देणे कादंबरीच्या बाबतीत कोणी खपवून घेणार नाही. मत कोणत्या आवृत्तीविषयी आहे तेही सांगावे, कारण कर्त्यांनी हा खेळ सोडून दिला नाही: अनेक वर्षे काम करून २०२४ मध्ये त्यांनी 'आय.व्ही.' या नावाने मोठी सुधारित आवृत्ती दिली आणि लढाईची पद्धत बरीच बदलली. २०१९ चा खेळ आणि हा खेळ एकच आहे का, हा प्रश्न स्वतंत्र परीक्षणाच्या योग्यतेचा आहे; पण जुन्या फिती दाखवून नव्या आवृत्तीची खिल्ली उडवली जाते, आणि उलट नव्या आवृत्तीकडे बोट दाखवून जुन्या दोषांचे अस्तित्वच नाकारले जाते. लिफ्टच्या प्रसंगाबाबत तर आवृत्तीचा प्रश्न येतच नाही, त्यावर समर्थकांनीही मोकळेपणाने बोलावे. मराठीत व्हिडिओ गेमचे परीक्षण अजून बाल्यावस्थेत आहे. जे तरुण ते आज करू पाहत आहेत त्यांना इंग्रजीतली तयार थट्टा मराठीत आणून ठेवण्याचा मोह होणे साहजिक असले, तरी त्यांनी एकदा हातात कंट्रोलर घेऊन फ्रँकटनला जाऊन यावे, आणि परत आल्यावर अ‍ॅलेक्सच्या आधी रोरीविषयी लिहावे.



आपला नम्र,
एक खेळाडू-वाचक